मुख्य कंत्राटदाराचा नगर परवाना (अमेरिका)

मुख्य कंत्राटदाराचा नगर परवाना : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इमारतीच्या संपूर्ण कामाची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीस वा कंपनीस शहर प्रशासनाकडून मिळणारा, ठरावीक मुदतीचा परवाना. अशा कंत्राटदारास तेथे जनरल कॉन्ट्रॅक्टर म्हणतात. मालकाशी करार त्याचा एकट्याचा असतो; वीज, नळ, छप्पर ही कामे तो उपकंत्राटदारांकडून करवून घेतो. बांधकाम परवानगी एका विशिष्ट इमारतीपुरती असते, परवाना मात्र काम करणाऱ्याच्या नावे असतो. जेथे परवान्याची सक्ती आहे तेथे तो नसल्यास परवानगीचा अर्ज पुढे सरकत नाही. धंद्याची करनोंदणी ही तिसरीच गोष्ट आहे. लॉस अँजेलिस शहर व्यवसायकरासाठी नोंदणी करून घेते, पण बांधकामाचा परवाना कॅलिफोर्निया राज्याच्या मंडळाकडून घ्यावा लागतो. करनोंदणीच्या कागदालाच परवाना समजून काम सुरू करणे ही नवख्यांना सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

उगम : या परवान्याचे मूळ कोठे शोधावे, याबद्दल एकमत नाही. पुष्कळ लेखनात सुरुवात बॅबिलोनचा राजा हामुराबी याच्या संहितेपासून (सु. इ. स. पू. अठरावे शतक) केलेली आढळते. घर कोसळून मालक दगावल्यास ते बांधणाऱ्यास देहदंड द्यावा, असे तिचे २२९ वे कलम सांगते. मात्र हे काम बिघडल्यानंतरचे दायित्व झाले. काम हाती घेण्यापूर्वी माणूस पारखून घ्यावा, ही कल्पना त्या कलमात नाही. त्या मानाने यूरोपीय शहरांतील कारागीर-श्रेणींचा (एकेका धंद्यातील कारागिरांच्या संघांचा) दाखला अधिक जवळचा वाटतो. तेथे शहरात काम करण्याचा हक्क श्रेणीच्या सभासदत्वाशी जोडलेला असे. १६६६ च्या आगीनंतर लंडनला कारागीर कमी पडले, तेव्हा १६६७ च्या पुनर्बांधणी कायद्याने बाहेरच्या गवंडी-सुतारांना सात वर्षे शहरात काम करण्याची मोकळीक दिली आणि तेवढी वर्षे काम करणाऱ्यास तो हक्क आजन्म ठेवला. काम करण्याचा हक्क कायद्याने, मुदतीसह आणि अटीवर दिल्याचे हे उदाहरण आजच्या परवान्याशी बरेच जुळते.

मुख्य कंत्राटदार हा पेशा नेमका केव्हा उभा राहिला, हा वाद वेगळा आहे. ब्रिटिश अभ्यासक टॉमस क्यूबिट (१७८८–१८५५) याला मान देतात. त्याने सु. १८१५ मध्ये लंडनमध्ये सर्व धंद्यांचे कारागीर कायम पगारावर एका छत्राखाली आणले. अमेरिकन लेखक शिकागोच्या जॉर्ज फुलर (१८५१–१९००) याच्याकडे बोट दाखवतात. त्याची कंपनी १८८२ मध्ये निघाली आणि टाकोमा बिल्डिंग (१८८९) हे तिचे गाजलेले काम. क्यूबिटने कारागीर पदरी ठेवले, तर फुलरच्या पद्धतीत आराखडा वास्तुविशारदाकडे राहिला आणि बांधकामाचे नियोजन व उपकंत्राटदारांचा मेळ हाच स्वतंत्र व्यवसाय झाला. परवान्याच्या दृष्टीने दुसरी घटना अधिक महत्त्वाची मानावी लागते. ज्याच्या हातात थापी नाही, पण ज्याचे नाव करारावर आहे, अशा माणसाला जबाबदार धरण्याची गरज तेथूनच निर्माण झाली.

कायदेशीर पाया : पेशा करण्यासाठी परवान्याची अट घालण्याचा राज्याचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया या खटल्यात मान्य केला. खटला वैद्यकीचा होता, पण त्यातील तत्त्व इतर पेशांनाही लागू पडले. मुख्य कंत्राटदारांसाठी राज्य मंडळ नेमण्यात नॉर्थ कॅरोलायना (१९२५) अग्रेसर होते. कॅलिफोर्नियात मंडळ १९२९ मध्ये आले. शहरांचा अधिकार याहून नाजूक आहे. न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे राज्याने दिले तेवढेच अधिकार शहराला असतात. त्याविरुद्धची, शहराला स्वयंशासन देणारी ‘होम रूल’ तरतूद मिसूरीच्या संविधानात १८७५ मध्ये, तर कोलोरॅडोच्या संविधानात १९०२ मध्ये आली. इलिनॉयच्या १९७० च्या संविधानात स्वयंशासित शहरांच्या अधिकारांत परवाने देण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. कोलोरॅडोतील डेन्व्हर आणि इलिनॉयमधील शिकागो ही शहरे मुख्य कंत्राटदारांना स्वतः परवाने देतात. त्या राज्यांत या कामाचा राज्यस्तरीय परवानाच नाही. टेक्सासमध्येही तो नाही. तेथे शहरागणिक नियम बदलतात, मात्र वीज व नळकामाचे परवाने राज्याकडून घ्यावे लागतात.

वर्ग : शिकागोत ‘ए’ ते ‘ई’ असे पाच वर्ग आहेत. ‘ए’ वर्गास मर्यादा नाही. ‘बी’ला १ कोटी, ‘सी’ला ५० लाख, ‘डी’ला २० लाख आणि ‘ई’ला ५ लाख डॉलर अशी मर्यादा आहे. ती वर्षभराच्या उलाढालीवर नसून एकेका कामावर असते. वर्ग वाढतो तशी फी वाढते आणि विम्याची किमान रक्कमही वाढते. एकच काम दोन करारांत तोडून खालच्या वर्गात बसवण्याचा मोह टाळावा. तपासणीत एकाच पत्त्यावरचे करार एकत्र धरले गेले की परवाना धोक्यात येतो. डेन्व्हरमध्ये वर्ग पैशांवर न बेतता इमारतीच्या प्रकारावर बेतलेले आहेत.

मिळवण्याची रीत : पहिला प्रश्न पात्र व्यक्ती कोण, हा असतो. डेन्व्हरमध्ये परवाना कंपनीला आणि पर्यवेक्षक प्रमाणपत्र व्यक्तीला, अशी विभागणी आहे. त्या प्रमाणपत्रासाठी इमारत संहिता (बांधकामाचे नियम) तयार करणाऱ्या इंटरनॅशनल कोड कौन्सिल या संस्थेची ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ पातळीची परीक्षा द्यावी लागते. पुस्तके उघडी ठेवून द्यायची ही परीक्षा असल्याने ती सोपी वाटते. प्रत्यक्षात वेळ पुरत नाही. बाहेर पडण्याचे मार्ग, अग्निरोधक भिंती, पाया आणि जिन्याची मापे या प्रकरणांना आधीच खुणेच्या पट्ट्या लावून ठेवाव्यात. परीक्षेच्या सूचनापत्रात संहितेची जी आवृत्ती दिली असेल तीच न्यावी, कारण आवृत्ती बदलली की कलमांचे क्रमांक सरकतात.

अनुभवाची पत्रे हा अर्जातील सर्वांत दुबळा भाग असतो. ‘पाच वर्षे चांगले काम केले’ असे पत्र निरुपयोगी. त्यात कामाचा पत्ता, परवानगी क्रमांक, मजले, बांधणीचा प्रकार, कामाच्या तारखा आणि अर्जदाराने नेमके कशावर देखरेख केली, हे हवे. केवळ फरशी किंवा रंगकाम केलेल्यास मुख्य कंत्राटदाराचा अनुभव सहसा धरला जात नाही.

विम्याचा दाखला बहुधा ‘अकॉर्ड २५’ या प्रचलित नमुन्यावर येतो. त्यात तीन जागा बारकाईने पाहाव्यात. विमाधारकाचे नाव राज्याच्या कंपनी नोंदणीतील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. शेवटचे ‘एलएलसी’ (मर्यादित दायित्वाची कंपनी) गळले तरी अर्ज परत येऊ शकतो. दाखला ज्याच्या नावे आहे त्या चौकटीत शहराचे पूर्ण नाव व पत्ता हवा. विमा ‘प्रत्येक घटनेमागे’ किती रकमेचा आहे, हे एकूण वार्षिक रकमेपेक्षा महत्त्वाचे आहे. शहरालाही विम्यात सामील करण्याची अट असेल तर दाखल्यावरील शेरा पुरत नाही. त्याने संरक्षण मिळत नाही, पॉलिसीला जोडलेले पान लागते. कामगार भरपाई विमा वेगळा असतो. नोकर नसल्यास तसे प्रतिज्ञापत्र चालते की नाही, हे शहरागणिक ठरते.

हमीपत्र म्हणजे विमा नव्हे. त्यात कंत्राटदार, हमीदार कंपनी आणि शहर असे तीन पक्ष असतात. हमीदाराने भरपाई दिली की ती तो कंत्राटदाराकडून वसूल करतो. न्यूयॉर्क शहरात घरदुरुस्तीच्या परवान्यासाठी २०,००० डॉलरचे हमीपत्र किंवा २०० डॉलर भरून शहराच्या निधीत सहभाग, असा पर्याय आहे. तेथेच एक ते तीन कुटुंबांच्या नव्या घरांसाठी बांधकाम विभागाकडे मुख्य कंत्राटदार म्हणून निराळी नोंदणी करावी लागते. एकावर दुसऱ्याचे काम भागत नाही.

परवाना टिकवणे : मिळालेला परवाना बहुधा विम्याच्या खंडामुळे अडतो. पॉलिसी आणि परवाना यांच्या मुदती क्वचितच एका दिवशी संपतात. नूतनीकरणाचा दाखला शहराकडे वेळेत पोचला नाही तर परवाना निलंबित होऊन चालू काम थांबू शकते. पात्र व्यक्तीने कंपनी सोडली तरी हाच धोका असतो. म्हणून जाणते कंत्राटदार दोघांना परीक्षेस बसवतात.

परवान्याविना काम : दंडापेक्षा पैशांचा हक्क गमावणे अधिक जिव्हारी लागते. कॅलिफोर्नियात व्यवसाय संहितेच्या ७०३१ व्या कलमानुसार अशा कंत्राटदारास मोबदल्यासाठी दावा करता येत नाही. मालकाने दिलेले पैसेही त्याला परत मागता येतात. न्यूयॉर्कमध्ये विनापरवाना घरदुरुस्ती करणाऱ्यास करारानुसार किंवा केलेल्या कामाच्या मोलानुसारही वसुली करता येत नाही. काम उत्तम झाले होते, हा बचाव चालत नाही. हे कठोर वाटते, पण अपघात झाल्यावर विमा असलेला, शोधून काढता येईल असा एक जबाबदार माणूस असावा, यासाठीच परवाना आहे; कारागिरीचे प्रमाणपत्र म्हणून त्याकडे पाहणे चूक ठरेल. मालकाला स्वतःच्या नावे परवानगी काढायला सांगणाऱ्या कंत्राटदारापासून दूर राहावे, कारण त्या सहीबरोबर बरीचशी जबाबदारी मालकाकडे जाते.

अलीकडील बदल : फ्लोरिडात राज्यभर चालणारा ‘प्रमाणित’ आणि केवळ स्थानिक हद्दीत चालणारा ‘नोंदणीकृत’ असे दोन प्रकारचे कंत्राटदार आहेत. २०२१ च्या कायद्याने तेथील शहरे व परगणे यांच्या परवाने देण्याच्या अधिकारावर बरीच मर्यादा आणली.