टर्बो गाडीचे आयुष्य आणि ऑइल बदलण्याचा वाद

टर्बो गाडी, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बाइन फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबणारी गाडी, नीट सांभाळली तर किती चालते, याचे आजचे उत्तर बऱ्यापैकी आश्वासक आहे. मूळ टर्बोवर दोन-अडीच लाख किलोमीटर झालेली गाडी आता नवलाची राहिलेली नाही, आणि इंजिन त्यापुढेही जाते. तरी वापरलेली गाडी घेताना लोक ‘टर्बो आहे का?’ असे धास्तीनेच विचारतात. ही धास्ती १९८०च्या दशकातली आहे आणि तेव्हा ती रास्त होती. पुढे तिचे कारण दूर झाले, मग दुसऱ्याच वाटेने परत आले. ते समजून घ्यायचे तर टर्बोइतकाच ऑइलचा इतिहास पाहावा लागतो.

टर्बोची मूळ कल्पना १९०५ची, एका स्विस अभियंत्याची. जहाजांची डिझेल इंजिने, विमाने, मग ट्रक अशा क्रमाने टर्बो रुळला. ट्रकमध्ये त्याच्या आयुष्याची तक्रार कारइतकी कधीच झाली नाही, कारण तिथे ऑइल भरपूर असते, वेग फारसा बदलत नाही आणि सर्व्हिस वेळापत्रकाने होते. १९६२ मध्ये अमेरिकेत दोन पेट्रोल टर्बो कार विक्रीला आल्या. त्यातल्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे पेटण्याआधी मिश्रण किती पट दाबले जाते ते, १०.२५ इतके जास्त ठेवले होते. नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक, होऊ नये म्हणून वेगळ्या टाकीतून पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण इंजिनात फवारले जाई. ही टाकी भरत राहणे मालकाकडे होते. पुष्कळांनी ती भरलीच नाही, कित्येक गाड्यांचा टर्बो काढून टाकला गेला आणि १९६३ नंतर हे मॉडेल बंद झाले.

खरी गोष्ट सुरू होते १९७८च्या सुमारास, जेव्हा साब ९९ टर्बो आणि मर्सिडीजची ३०० एसडी ही टर्बो डिझेल रोजच्या वापराच्या गाड्या म्हणून आल्या. त्या डिझेलच्या पिस्टनना खालून ऑइलचा फवारा मारून गार ठेवले जाई आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये सोडियम भरलेले असे. ही इंजिने अफाट चालली. पेट्रोलवाल्यांचे नशीब तसे नव्हते.

टर्बोच्या मधल्या भागात पेन्सिलीएवढ्या जाडीचा शाफ्ट असतो. तो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, आणि तेही बेअरिंगमधल्या ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. त्याच्या एका टोकाला पेट्रोल इंजिनाचा ९५० अंशांच्या आसपास तापणारा धूर असतो. हायवेवरून जोरात आलेली गाडी थांबवून लगेच चावी फिरवली की ऑइलचा पंप थांबतो, पण टर्बाइनची उष्णता थांबत नाही. ती मधल्या भागात शिरते आणि तिथे अडकलेले ऑइल करपून त्याचा कोळशासारखा काळा, कडक थर बसतो. असे शे-दोनशे वेळा झाले की ऑइलची वाट अरुंद होते, शाफ्ट सैल होऊन हलू लागतो, मग शिट्टी आणि निळा धूर. ‘बंद करण्याआधी मिनिट-दोन मिनिटे इंजिन नुसते चालू (आयडलिंगवर) ठेवा’ ही सूचना तेव्हाची. चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारे टर्बो टायमर नावाचे उपकरणही याचसाठी निघाले.

या दुखण्यावर इलाज त्याच दशकात सापडला. बेअरिंगच्या भोवती कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, खेळवला गेला. इंजिन बंद झाल्यावरही गरम कुलंट वर चढतो आणि गार खाली येतो, त्यामुळे उष्णता निघून जाते. सिंथेटिक ऑइल सहज मिळू लागले, नॉकिंग ओळखणारे नॉक सेन्सर आले. १९८९ची एक साब ९०० टर्बो अमेरिकेतल्या एका फिरत्या विक्रेत्याने दहा लाख मैल, म्हणजे सुमारे सोळा लाख किलोमीटर चालवली आणि मग विस्कॉन्सिनमधल्या मोटार संग्रहालयाला दिली. असे उदाहरण एखादेच असते हे खरे, पण टर्बो लावला म्हणून इंजिन लवकर संपते हा समज त्यानंतर धरून बसण्याचे कारण उरले नव्हते.

आणि नेमक्या त्याच वेळी ऑइल बदलण्याचा कालावधी वाढवायचे ठरले.

१९९०च्या दशकाच्या शेवटी युरोपात ‘लाँगलाइफ’ ऑइल आले. पेट्रोल गाड्यांसाठी ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षे, काही डिझेल गाड्यांसाठी तर ५०,००० किलोमीटरपर्यंत. यामागची कारणे खोटी नव्हती. ऑइल खरोखर सुधारले होते, वाया जाणारे ऑइल कमी करायचे होते, आणि कंपन्यांच्या ताफ्यांसाठी गाड्या घेणारे लोक देखभालीचा खर्च पाहून गाडी निवडत होते. पण ताफ्यातली गाडी तीन-चार वर्षांत विकली जाते. पंधराव्या वर्षी तिच्या इंजिनात काय साचलेले असेल, हा हिशेब पहिल्या मालकाचा नसतोच.

त्याच सुमारास जपानच्या देशांतर्गत सर्व्हिस तक्त्यांत काय छापले जात होते ते पाहावे. साध्या पेट्रोल इंजिनाला १५,००० किलोमीटर, टर्बोला ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, आणि वापर कठीण असेल तर त्याच्याही निम्मे. टर्बोचे तत्त्व तेच, बेअरिंग त्याच जातीची, आणि दोन खंडांत आकडे सहापट वेगळे. यातला सगळा फरक ऑइलच्या प्रतीचा आहे असे म्हणणे मला पटत नाही. गाडी कोणासाठी आणि किती वर्षे टिकवायची, याबद्दलची दोन मते त्यात आहेत.

वाद आणखी गुंतागुंतीचा केला तो ‘कठीण वापर’ या शब्दाने. बहुतेक हँडबुकांत ‘सामान्य’ आणि ‘कठीण’ असे दोन तक्ते असतात. कठीण म्हटले की लोकांना शर्यत, वाळवंट, डोंगर आठवतात. यादी वाचली तर तिथे आठ किलोमीटरच्या आतल्या फेऱ्या असतात, थंड इंजिनावर पुन्हा पुन्हा निघणे असते, धूळ असते, रहदारीत तासन्‌तास आयडलिंग असते. शहरात ऑफिसला जाणारी जवळपास प्रत्येक गाडी या व्याख्येत बसते. मालक मात्र आपला वापर सामान्य समजून मोठा आकडा लक्षात ठेवतो. थंड इंजिनात ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी मिसळते आणि ते उडून जाण्याइतके ऑइल तापतच नाही. किलोमीटर थोडे पडतात, ऑइल मात्र संपलेले असते.

याचे फळ २०००च्या सुरुवातीला दिसले. चार लिटरच्या आसपासच ऑइल मावणाऱ्या काही टर्बो पेट्रोल इंजिनांत गाळ साचू लागला. इंजिनाखालच्या ऑइल साठवणाऱ्या भांड्याच्या तळाशी ऑइल ओढणारी जाळी असते. ती काढली की काळ्या चिकट लगद्याने लिंपलेली निघे, मधली दोन-चार छिद्रेच उघडी. ऑइलचा दाब पडला की आधी टर्बो जाई, कारण तो सगळ्यात नाजूक. गॅरेजमध्ये निदान व्हायचे ‘टर्बो गेला’. नवा बसवला जाई आणि जाळी तशीच राहिल्याने काही महिन्यांत तोही जाई. टर्बोची बदनामी अशीही वाढली. हे प्रकरण कोर्टापर्यंत गेले, काही गाड्यांची वॉरंटी वाढवावी लागली, शिफारस केलेले ऑइल बदलले गेले. ३०,०००चा आकडा मात्र काही बाजारांत टिकला.

नंतरच्या पंधरा वर्षांत लहान टर्बो इंजिन हीच सर्वसाधारण गोष्ट झाली. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शनमुळे हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन बसू लागला. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो, आणि झिजला की त्याचे तुकडे पुन्हा त्याच जाळीत जातात. कमी आरपीएम आणि जास्त लोड असताना ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटून पिस्टन फुटण्याचे प्रकार घडले. ऑइलमधल्या कॅल्शियमचा त्याला हातभार असल्याचे कळल्यावर २०१८ पासून त्यासाठी वेगळ्या दर्जाचे ऑइल आले. म्हणून चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटत असताना पेडल दाबण्यापेक्षा एक गिअर खाली घ्यावा, आणि डब्यावरचा दर्जा हँडबुकातल्या दर्जाशी जुळतो का ते पाहावे.

हायब्रिड टर्बो गाड्यांत १९८०चा प्रश्न वेगळ्या रूपात आला आहे. इथे इंजिन चालकाने न सांगता, भर रस्त्यात, टर्बो तापलेला असतानाच बंद होते. आयडलिंगची जुनी सूचना इथे पाळताच येत नाही. तिची जागा विजेवर चालणाऱ्या लहान कुलंट पंपाने घेतली आहे, जो बऱ्याच साध्या टर्बो गाड्यांतही असतो. लांबच्या चढावरून येऊन गाडी लॉक केली की बॉनेटखाली काही मिनिटे बारीक गुणगुण ऐकू येते ती बहुधा त्याचीच. ज्या गाडीत ती नेहमी ऐकू येत होती आणि एके दिवशी थांबली, तिथे टर्बोकडे पाहण्याआधी तो पंप तपासून घ्यावा.