एकाच ओळीचे दोन अर्थ: एडिटरमधून लिस्प चालवण्याची पार्श्वभूमी

लिस्प ही कंसांत लिहायची प्रोग्रामिंग भाषा. ईमॅक्स या एडिटरमध्ये तिची ओळ लिहून कर्सर शेवटच्या कंसानंतर न्यायचा, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ई दाबायचं, की उत्तर खालच्या पट्टीत हजर. फाइल सेव्ह केलेली नसते, काहीही नव्याने सुरू करावं लागत नाही. लिस्पवाल्यांच्या हाताला ही सवय इतकी मुरलेली असते की तिच्यामागचा वाद सहसा कोणी उकरत नाही.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. लिस्पचं काम 1958 मध्ये एमआयटीत सुरू झालं. ‘इव्हॅल’, म्हणजे लिस्पमध्ये लिहिलेलं चालवून उत्तर देणारं फंक्शन, आधी केवळ सिद्धांत म्हणून कागदावर मांडलेलं होतं. गटातल्या एका सहकाऱ्याने ते आयबीएम 704 वर हाताने उतरवलं आणि लिस्प थेट चालवणारा प्रोग्राम, म्हणजे इंटरप्रिटर, मिळाला. सत्तरच्या दशकात दोन पंथ पडले. इंटरलिस्प या लिस्पच्या बोलीत प्रोग्राम मेमरीतच राहायचा, एडिटर थेट त्या प्रोग्रामच्या याद्यांची रचना बदलायचा आणि फाइल म्हणजे त्याची छापील प्रत. मॅकलिस्प या दुसऱ्या बोलीच्या बाजूचे लोक म्हणत, खरा प्रोग्राम म्हणजे मजकूर; मांडणी आणि टिपा लिहिणाऱ्याने ठेवल्या तशाच राहिल्या पाहिजेत. पुढे मजकूरवाल्यांचं चाललं. पण मेमरीतला जिवंत प्रोग्रामही कोणाला सोडायचा नव्हता, आणि सगळा गुंता इथूनच सुरू होतो.

1976 चा पहिला ईमॅक्स लिस्पमध्ये नव्हता. 1978 मध्ये मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा ईमॅक्स मॅकलिस्पमध्ये लिहिला गेला. लिस्प मशीनवर, म्हणजे खास लिस्पसाठी बनवलेल्या संगणकावर, तर एडिटर आणि प्रोग्राम एकाच मेमरीत नांदायचे. 1985 मध्ये ग्नू ईमॅक्स आला: गाभा सी भाषेमध्ये, बाकी बराचसा डोलारा लिस्पमध्ये. त्यात एखादी व्याख्या इव्हॅल करणं म्हणजे चालत्या एडिटरचाच एक भाग बदलणं.

आता ‘डेफव्हार’, म्हणजे व्हेरिएबल जाहीर करून त्याला सुरुवातीचं मूल्य देणारी रचना. फाइलमध्ये (डेफव्हार प्रतीक्षा 5) अशी ओळ आहे असं समजा. नियम असा की व्हेरिएबलला आधीच मूल्य असेल तर ही ओळ त्याला हात लावत नाही. यामागचं कारण रास्त आहे. वापरणाऱ्याने आपल्या सुरुवातीच्या फाइलमध्ये प्रतीक्षा 30 ठेवली आणि ती ओळ असलेलं पॅकेज (ईमॅक्सला जोडायचा प्रोग्राम) नंतर लोड झालं, तर त्याचे 30 पुसले जाता कामा नयेत. पण त्याच पॅकेजवर काम करणारा 5 खोडून 10 लिहितो, अख्खा बफर (एडिटरमध्ये उघडलेला मजकूर) इव्हॅल करतो, आणि मूल्य 5 चं 5 च. समोर 10 दिसतंय, मेमरीत 5 आहे. या एका नियमापायी मी स्वतः दुपारच्या दुपारी घालवल्या आहेत.

यावर तोडगा निघाला तो बटणाच्या पातळीवर. कंट्रोल-मेटा-एक्स (मेटा म्हणजे सहसा ऑल्ट) दाबून तीच एक व्याख्या इव्हॅल केली, तर मूल्य बिनशर्त बदलतं. ही सवलत ग्नू ईमॅक्सच्याही आधीची. लिस्प मशीनच्या मार्गदर्शिकेतच म्हटलं होतं की एडिटरमधून एकटी डेफव्हार इव्हॅल केली तर मूल्य बसेल, मोठा भाग निवडून केली तर नेहमीचा नियम लागेल. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं असं, की एकाच मजकुराचा अर्थ कोणतं बटण दाबलं यावर ठरत असेल, तर मजकूर हाच खरा प्रोग्राम हे तत्त्व उरलं कुठे? आक्षेप तर्काला धरून आहे. तरीही सवलत योग्यच होती असं माझं ठाम मत आहे. माणूस एकाच व्याख्येवर कर्सर ठेवून बटण दाबतो तेव्हा त्याला ते मूल्य बदलायचंच असतं. चूक झाली ती शिकवण्यात. नवशिक्याला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

कॉमन लिस्प या बोलीने डेफव्हारच्या जोडीला ‘डेफपॅरामीटर’ दिलं, जे दरवेळी नवं मूल्य बसवतं. 2007 च्या क्लोजर या बोलीने उलटं केलं: साधं ‘डेफ’ नेहमी बदलतं, आणि जपून ठेवायचं असेल तर ‘डेफवन्स’ लिहायचं. निर्णय बटणाकडून भाषेकडे आला.

मधल्या काळात लिस्पचा प्रोग्राम एडिटरच्या बाहेर, वेगळ्या प्रोसेसमध्ये गेला होता. आधी मजकूर नुसता दुसऱ्या प्रोसेसच्या तोंडात ओतला जायचा. उत्तर कुठलं आणि चूक कुठली हे एडिटरने अंदाजाने ओळखायचं. 2003 मध्ये आलेल्या स्लाइम या कॉमन लिस्पसाठीच्या ईमॅक्स-जोडणीने पलीकडे स्वँक नावाचा सर्व्हर बसवला. पोर्ट सहसा 4005, प्रत्येक निरोपाच्या पुढे सहा हेक्स (षोडशमान) अंकांत त्याची लांबी, आणि निरोप स्वतः लिस्पच्याच कंसात. डेफव्हारची जुनी सवलत मात्र स्लाइमनेही कंट्रोल-मेटा-एक्सवर जशीच्या तशी ठेवली.

दुसरा असाच गुंता 2012 च्या ईमॅक्स 24.1 पासूनचा. फाइलच्या पहिल्या ओळीत सूचना लिहिली की व्हेरिएबलची व्याप्ती लेक्सिकल (कोड कुठे लिहिलाय यावर ठरणारी), नाहीतर जुनी डायनॅमिक (कोड कधी चालतोय यावर ठरणारी). ‘लेट’च्या (तात्पुरतं मूल्य देणाऱ्या रचनेच्या) आत एक्सला 5 देऊन, एक्स परत करणारा ‘लॅम्डा’ (बिननावाचं फंक्शन) बाहेर काढायचा आणि मग तो चालवायचा: सूचना असलेल्या फाइलमधून इव्हॅल केलं की 5, तोच तुकडा स्क्रॅच बफरमध्ये (ईमॅक्सच्या कच्च्या वहीत) चिकटवला की एक्सला मूल्यच नाही अशी तक्रार. स्क्रॅचमध्येही लेक्सिकल व्याप्ती आपोआप लागू झाली ती 2020 च्या 27.1 मध्ये, फाइलला मात्र पहिल्या ओळीतली ती सूचना तेव्हाही लागतच राहिली.