वरच्या मजल्यावर व्होल्टेज कमी येतंय? स्टॅबिलायझर घेण्याआधी हे वाचा

खाली हॉलमध्ये सगळं ठणठणीत. वरच्या बेडरूममध्ये मात्र गीझर लावला की ट्यूब लुकलुकते, पंखा मंदावतो, एसी खट् करून बंद पडतो. असे फोन आम्हा इलेक्ट्रिशियनना मुख्यतः दोन मोसमांत येतात. डिसेंबर-जानेवारीत कारण गीझर असतो, एप्रिल-मेमध्ये एसी. निकाल बहुतेकांनी फोन करायच्या आधीच लावलेला असतो: "महावितरणचं व्होल्टेजच लो आहे हो." कधीकधी ते खरं असतंही. पण सिंगल फेजच्या घरात त्याच वेळी खालचा मजला व्यवस्थित चालत असेल, तर दोष रस्त्यावरच्या तारेत नाही. तो मीटर ते वरचा डीबी (त्या मजल्याची स्विचपेटी) या पट्ट्यात कुठेतरी आहे.

आधी हिशोब समजून घ्या. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. त्यात सहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. मीटरपर्यंत याची जबाबदारी महावितरणची, मीटरच्या पुढची वायरिंग तुमची. त्यामुळे पहिला प्रश्न एकच: मीटरवर किती आणि वरच्या डीबीत किती?

हे बऱ्याचदा घरातल्या घरात, काहीही न उघडता बघता येतं. अनेक इलेक्ट्रॉनिक मीटरवर बटण दाबत गेलं की युनिटच्या जोडीने व्होल्टेजही दिसतं. वरच्या डीबीच्या दारावर डिजिटल व्होल्टमीटर असेल तर उत्तम. नसेल तर सॉकेटमध्ये लावायचा छोटा मीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. एकाने खाली पार्किंगमध्ये मीटरपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने वर, आणि फोनवर बोलत आकडे लिहून घ्यायचे. सगळं बंद असताना एकदा आणि वरचा गीझर चालू असताना एकदा.

दुसरा आकडा महत्त्वाचा. लोड नसताना, म्हणजे काहीच चालू नसताना, ढिल्या जोडातूनही २३० पूर्ण येतं, कारण करंटच वाहत नसतो. "वायरमन येऊन बघून गेला, व्होल्टेज बरोबर आहे म्हणाला" ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. त्याने गीझर लावून मोजलं होतं का, एवढंच विचारा.

गीझर लावल्यावर दोन्हीकडे सारखंच खाली आलं, तर घरातल्या वायरिंगमध्ये बघायचं नाही. शेजाऱ्यांकडेही तसंच आहे का ते विचारा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा. मीटरचं किंवा कटआउटचं (मीटरजवळच्या फ्यूजचं) सील आम्हीही उघडत नाही, तुम्हीही उघडू नका. मीटरवर मात्र २२८ आणि वर २१०, असं असेल तर आम्हाला बोलवा.

कोथरूडच्या एका दुमजली बंगल्यातला प्रकार सांगतो. वर तीन किलोवॉटचा इन्स्टंट गीझर. तो लावला की मीटर आणि डीबी यांच्यात अठरा व्होल्टचा फरक. केबलच्या लांबीचे दोन-तीन धरले तरी बाकीचे गेले कुठे? डीबीतला आयसोलेटर (मेन स्विच) चालू ठेवून त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकांमध्ये व्होल्टमीटर लावला. चालू स्विचच्या दोन टोकांत जवळजवळ शून्य दिसायला हवं. तिथे चौदा व्होल्ट दिसले. मेन बंद करून झाकण काढलं तर न्यूट्रलचा (करंटच्या परतीच्या वायरचा) स्क्रू पाऊण फेरा सैल, वायरचं काळं इन्शुलेशन टोकाला तपकिरी आणि कडक झालेलं, आणि करपल्याचा वास. चौदा व्होल्ट गुणिले बारा अँपिअर म्हणजे १६८ वॉट. जुने शंभर वॉटचे दीड बल्ब नखाएवढ्या जागेत, बंद प्लास्टिकच्या डब्यात जळत ठेवल्यासारखं ते. जास्त करंटवर पडणारा स्विच, म्हणजे एमसीबी, पडला नाही, कारण करंट मर्यादेतच होता. करंटची गळती झाली की पडणारा आरसीसीबीही पडला नाही, कारण गळती नव्हती. ढिला जोड या दोघांनाही दिसत नाही.

म्हणूनच स्टॅबिलायझरबद्दल आमचं मत कडू आहे. जोड ढिला असताना स्टॅबिलायझर बसवला, तर तो एसीला २३० देण्यासाठी मागून जास्त करंट ओढतो, आणि जोड आणखी तापतो. एसी चालतो, तक्रार थांबते, आग लागण्याची शक्यता वाढते. पुरवठाच खरोखर कमी असेल तिथे स्टॅबिलायझर जरूर घ्या. आम्ही स्वतः बसवून देऊ.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि तशाच जुन्या बंगल्यांत ॲल्युमिनियमची वायर अजून सापडते. हा धातू स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू दबत जातो आणि जोड आपोआप सैल होतो. त्यात कुणी तांब्याची वायर नुसती पीळ देऊन जोडली असेल, तर दमट हवेत तो जोड खराब व्हायला वेळ लागत नाही. अशा ठिकाणी बायमेटल लग (दोन्ही धातूंना चालणारी जोडटोकं) लागतात, टेप गुंडाळून भागत नाही.

काही घरांत जोड सगळे घट्ट असतात, वायरच बारीक असते. वर आधी दोन पंखे होते, मग मुलाचं लग्न झालं, एसी आला, गीझर आला, केबल तीच. तीस मीटर अंतरावर २५ अँपिअर घ्यायचे असतील तर २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्यात जाऊन-येऊन अकरा-बारा व्होल्ट तरी पडतात, शिवाय एवढा करंट त्या वायरला सतत झेपतही नाही. १० चौरस मिलिमीटरमध्ये तीनच व्होल्ट पडतात. यावर केबल बदलणे हाच उपाय. एमसीबी मोठा टाकणे हा उपाय नव्हे, तो गुन्हा समजा.

आता एक लक्षण असं, की ज्यात आकडे घेत बसायचं नाही. थ्री फेजच्या घरात काही खोल्यांतले दिवे मंद आणि त्याच वेळी दुसऱ्या खोल्यांतले नेहमीपेक्षा लख्ख झाले, तर न्यूट्रल सुटला आहे. एका फेजला व्होल्टेज कमी पडतं तेव्हा दुसऱ्याला ते तीनशेच्याही वर जाऊ शकतं. टीव्ही, फ्रिज, राउटर काही सेकंदांत जातात. लगेच मेन स्विच बंद करा आणि मगच फोन करा. करपल्याचा वास, डीबीचं झाकण गरम लागणं किंवा आतून चरचर आवाज येणं, यालाही हाच नियम.

फ्रिज किंवा पंप सुरू होताना क्षणभर दिवे डुलले, तर घाबरू नका. डुललेले राहिले तर बघावं लागेल. पंपाची मोटर कमी व्होल्टेजवर रेटून चालवू नका. करंट वाढतो आणि वाइंडिंग जळतं.

डीबीचं झाकण स्वतः उघडू नका. मेन बंद केला तरी त्याच्या वरच्या टोकाला वीज असतेच, आणि टेस्टरचा दिवा न्यूट्रल ठीक आहे की नाही ते सांगत नाही.

फोन करताना एवढं हाताशी ठेवा: सिंगल फेज की थ्री फेज, दोन्ही ठिकाणचे दोन-दोन आकडे, कोणतं उपकरण लावल्यावर त्रास होतो, आणि वरच्या मजल्यावर अलीकडे काय नवं बसवलं. तपासणीच्या वेळी थोडा वेळ घराची लाइट बंद ठेवावी लागेल, तेव्हा पाण्याची टाकी आधी भरून घ्या. गुरुवारी देखभालीसाठी बाहेरचीच लाइट जाणार असेल तर तो दिवस सोडा, कारण लोड टाकून मोजल्याशिवाय आम्ही काहीही बदलत नाही.