माउंट करणे (लिनक्समधील यूएसबी साठवण)

पेनड्राइव्ह, बाह्य हार्ड डिस्क यांसारख्या यूएसबी साधनावरील फाइल प्रणाली (फाइली मांडून ठेवण्याची व्यवस्था) लिनक्सच्या एकमेव डिरेक्टरी-वृक्षातील ठरावीक जागी आज्ञेने जोडण्याची क्रिया. डेस्कटॉपवर ती सहसा आपोआप होते. सर्व्हरवर किंवा बिघडलेली प्रणाली दुरुस्त करताना हाताने करावी लागते.

संज्ञा : ‘माउंट’ ही आज्ञा लिनक्सचा आदर्श असलेल्या युनिक्स प्रणालीच्या १९७१ मधील पहिल्या हस्तपुस्तिकेत आढळते. चुंबकीय फीत किंवा डिस्क यंत्रावर प्रत्यक्ष चढविण्यावरून हे नाव आले असावे. उलट क्रियेची आज्ञा मात्र ‘अनमाउंट’ नसून ‘यूमाउंट’ आहे. मधला ‘एन’ का गळला, याविषयी एकमत नाही. नावांना सहा अक्षरांची मर्यादा होती, असे वारंवार सांगितले जाते. परंतु त्या आवृत्तीत फाइलचे नाव आठ अक्षरांपर्यंत चालत असे आणि ‘अनमाउंट’ची रोमन अक्षरे सातच भरतात. शब्द आखूड करण्याची तेव्हाची सवय हेच कारण अधिक ग्राह्य वाटते. ‘क्रिएट’ या सिस्टिम कॉलचा (प्रोग्रॅमने प्रणालीच्या गाभ्याकडे करावयाच्या मागणीचा) शेवटचा ‘ई’ही असाच गेला.

साधनाचे नाव : जोडलेले साधन बहुधा ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ अशा नावाने दिसते. यूएसबी साठवण साधने सामान्यतः स्कझी या जुन्या डिस्क-जोडणीच्या आज्ञाच स्वीकारतात, म्हणून कर्नल (प्रणालीचा गाभा) त्यांना स्कझी डिस्कच्या चालकाकडे (ड्रायव्हरकडे) सोपवतो. ‘एसडी’ ही अक्षरे त्या चालकाची. एसडी कार्डाशी त्यांचा संबंध नाही. किंबहुना लॅपटॉपच्या खाचेत घातलेले कार्ड पुष्कळदा ‘एमएमसीबीएलके’ या नावाने येते. अक्षरांचा क्रम साधने सापडण्याच्या क्रमावर ठरत असल्याने तो पुढच्या वेळी तोच राहील याची खात्री नसते. म्हणून ‘एफएसटॅब’ या, सुरू होताना काय माउंट करायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये कायमची नोंद करताना फाइल प्रणालीचा यूयूआयडी (तिचा एकमेव ओळखक्रमांक) देणे बरे. सोबत ‘नोफेल’ हा पर्याय नसेल, तर साधन न लावता संगणक सुरू करताना प्रणाली अडून बसू शकते.

कृती : साधनांची यादी दाखवणाऱ्या ‘एलएसबीएलके’ आज्ञेने विभाग (पार्टिशन) ओळखावा, ‘एमएनटी’ डिरेक्टरीखाली रिकामी डिरेक्टरी करावी आणि मूळ वापरकर्त्याच्या (‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याच्या) अधिकाराने माउंट करावे. क्वचित साधनावर विभागच नसतात. तेव्हा ‘एसडीबी१’ अशा विभागाच्या नावाऐवजी ‘एसडीबी’ असे अंकाविना पूर्ण साधनाचे नाव द्यावे लागते. पेनड्राइव्हवर सर्रास आढळणाऱ्या फॅट या फाइल प्रणालीत फाइलच्या मालकीची नोंद नसते, त्यामुळे मालक ठरवणारा ‘यूआयडी’ पर्याय न दिल्यास फाइल वाचता येतात पण सामान्य वापरकर्त्याला लिहिता येत नाही. फॅटचीच पुढची आवृत्ती असलेल्या एक्सफॅटचा चालक कर्नल ५.४ पासून (२०१९), तर विंडोजच्या एनटीएफएस या फाइल प्रणालीवर पूर्ण लेखन करणारा ‘एनटीएफएस३’ ५.१५ पासून (२०२१) अंतर्भूत आहे.

विलग करणे : लिहिलेला मजकूर काही काळ मुख्य स्मृतीतच थांबतो. कॉपी संपल्याचे दिसले तरी यूमाउंट पूर्ण होण्याआधी साधन उपसल्यास तो हरवू शकतो. ‘साधन व्यग्र आहे’ असा नकार आल्यास ‘एलएसओएफ’ किंवा ‘फ्यूजर’ने कोणती प्रक्रिया (चालू प्रोग्रॅम) साधन अडवून आहे ते पाहावे. बऱ्याचदा आपलेच टर्मिनल त्या डिरेक्टरीत उभे असते.