बर्फातला तांबूस रंग : पाइपचा गंज की पाण्यातले लोह?

आइस मेकर असलेल्या फ्रिजला नळाची जोडणी दिली की काही घरांत बर्फाचे खडे तांबूस दिसू लागतात आणि पहिला संशय फ्रिजमागच्या पाव इंची नळीवर जातो. ती नळी बहुधा प्लास्टिकची किंवा तांब्याची असते, त्यामुळे तिला गंज चढत नाही. दोष तिच्या अलीकडे असतो आणि त्याचे प्रकार दोन आहेत : लोखंडी पाइपचा सुटून आलेला गंज आणि पाण्यात मुळातच विरघळलेले लोह. बर्फात दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून बर्फ पाहून निदान करू नये.

जुन्या इमारतींतल्या जीआय पाइपवरचा जस्ताचा लेप झिजला की आतले लोखंड गंजते. रात्रभर पाणी उभे राहिले की त्यात गंजाचे कण सुटतात, आणि बंद असलेला पुरवठा सुरू होताना बसणाऱ्या धक्क्याने साचलेले थर उखडतात. नळ थोडा वेळ वाहू दिला की पाणी निवळते. आइस मेकर मात्र एका वेळी पेलाभरही पाणी ओढत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला नेहमी उभे राहिलेले पाणीच येते. नळाला स्वच्छ पाणी असूनही बर्फ लाल होतो तो यामुळे. आमच्या घरी स्टॉपकॉकपुढचा बोटभर लांबीचा जीआय निपल (दोन जोडण्यांमधला पाइपचा आखूड तुकडा) काढून पाहिला, तेव्हा त्याचे अर्धे तोंड गंजाच्या गाठींनी बुजलेले होते. बाकीची सगळी लाइन प्लास्टिकची होती.

विरघळलेल्या लोहाची गोष्ट वेगळी आहे आणि ती बहुतेक वेळा बोअरवेलच्या पाण्यात आढळते. जमिनीखाली ऑक्सिजन कमी असल्याने लोह तिथे रंगहीन रूपात विरघळून राहते. हवा लागल्यावर त्याचे तांबूस गाळात रूपांतर होते. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह असले, तर कपड्यांवर आणि संडासाच्या भांड्यावर डाग पडू लागतात.

तपासणी सोपी आहे. सकाळी कोणी नळ उघडण्याआधी काचेच्या पेल्यात पहिले पाणी घ्यावे, पाच मिनिटे नळ सोडून दुसरा पेला भरावा आणि दोन्ही काही तास ओट्यावर ठेवावेत. पहिला भरतानाच लाल आणि दुसरा शेवटपर्यंत नितळ राहिला, तर गंज पाइपचा आहे. दोन्ही पेले भरताना नितळ असून हळूहळू पिवळट, मग तांबूस होत गेले, तर लोह पाण्यातले आहे. पाणी टाकीतून येत असेल, तर टाकीचा तळही पाहावा, कारण बोअरच्या पाण्याला हवा तिथेच लागते आणि मग पेला भरतानाच लाल दिसून फसगत होते. अशा वेळी नमुना थेट पंपाच्या तोंडाशी घ्यावा.

गंजलेला तुकडा बदलून सीपीव्हीसी या प्लास्टिकचा किंवा पितळेचा बसवला की पहिला प्रश्न मिटतो. तोवर पाच मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर कण अडवतो. विरघळलेले लोह मात्र त्या फिल्टरमधून सरळ निघून जाते. त्यासाठी पाण्यात हवा खेळवून लोहाचा गाळ होऊ द्यावा लागतो आणि मग तो गाळावा लागतो, किंवा लोह काढणारे खास माध्यम असलेला फिल्टर लावावा लागतो.

दुरुस्तीनंतर फ्रिजमधला जुना फिल्टर बदलावा, बर्फाचा डबा धुवावा आणि पहिले दोन-तीन घाणे टाकून द्यावेत, कारण फ्रिजच्या आतल्या नळीत जुने पाणी उरलेलेच असते.