इंग्लंडमधलं इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट: मेन फ्यूजचा रकाना कसा भरायचा

इंग्लंडमध्ये घरात नवं सर्किट टाकलं किंवा कन्झ्युमर युनिट (घरातला फ्यूज-स्विचचा मुख्य बोर्ड) बदललं की बीएस ७६७१ या ब्रिटिश वायरिंग मानकाप्रमाणे इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट द्यावं लागतं. आहे त्याच सर्किटवर एखादा सॉकेट वाढवला असेल तर मायनर वर्क्सचं सर्टिफिकेट पुरतं. महाराष्ट्रात वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट नव्या जोडणीसाठी महावितरणकडे जातो. इंग्लंडमध्ये मूळ प्रत काम सांगणाऱ्याच्या हातात येते. सोबत तपासणीचा तक्ता आणि चाचणीच्या निकालांचा तक्ता हवाच, त्यांच्याशिवाय सर्टिफिकेट ग्राह्य नाही.

सह्या डिझाइन, उभारणी आणि तपासणी-चाचणी यांची जबाबदारी घेणाऱ्या कुशल व्यक्तींच्या. तिन्ही एकानेच केलं असेल तर एकच सही चालते. बिल्डिंग कंट्रोलला (बांधकाम नियमांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेला) कळवणं मात्र वेगळं काम आहे. एनआयसीईआयसी किंवा नॅपिट या इलेक्ट्रिशियनांची नोंदणी करणाऱ्या संस्थांकडे नोंदणी असलेला इलेक्ट्रिशियन काम झाल्यावर ते स्वतः करतो. नोंदणी नसेल तर काम सुरू होण्याआधीच कळवावं लागतं.

सर्टिफिकेटच्या पुरवठ्याच्या भागात बऱ्याच चुका मेन फ्यूजच्या रकान्यात होतात. तिथे बीएस क्रमांक, प्रकार आणि रेटिंग लिहायचं असतं, तेही मीटरजवळच्या कटआउटमधल्या (बाहेरून येणारी वीजवाहिनी जिथे संपते त्या खोक्यातल्या) फ्यूजचं. कन्झ्युमर युनिटच्या मेन स्विचचा तपशील इथे लिहू नये. कटआउटवर १०० अँपिअर छापलेलं असतं म्हणून तेच लिहिलं जातं, पण तो बहुतेकदा कटआउटच्या खोक्याची कमाल क्षमता सांगणारा आकडा असतो. आत ६० किंवा ८० चा फ्यूज असू शकतो. जुन्या घरांत बीएस १३६१ प्रकार २ सापडतो, नव्यांत बीएस ८८-३. सवयीने यांपैकी एक लिहून टाकणं म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीवर सही करणं.

कटआउट वितरण कंपनीचा असतो आणि त्यावर सील असतं. तिच्या परवानगीशिवाय ते तोडायचं नाही. नियम ३१३.१ मोजमाप, गणित, पाहणी किंवा चौकशी असे चारही मार्ग देतो, म्हणून चौकशी करावी: बिलावरचा १३ अंकी एमपॅन क्रमांक (वीजजोडणीचा ओळख क्रमांक) आणि कटआउटचा फोटो घेऊन वितरण कंपनीला विचारायचं. लंडनच्या बहुतेक भागात ती यूके पॉवर नेटवर्क्स. बिल पाठवणारी कंपनी वेगळी असते, तिच्याकडे ही माहिती नसते. उत्तर आलं तर ‘चौकशीवरून’ अशी नोंद करावी. नाही आलं तर रकाना कोरा न ठेवता ‘पडताळणी झाली नाही, सील अखंड’ असं लिहावं आणि आधीच्या इन्स्टॉलेशनबद्दलच्या शेऱ्यांत कारण द्यावं.

फ्यूज अज्ञात असताना डिझाइन करताना दोन्ही टोकं धरावी लागतात. कमाल मागणी मोजताना फ्यूज ६० चा माना, कारण ३२ अँपिअरचा कार चार्जर आणि इलेक्ट्रिक शॉवर एकत्र चालले तर तेवढ्यावरच ताण येतो. मीटरपासून निघणाऱ्या टेल्सचं (कन्झ्युमर युनिटपर्यंतच्या जाड वायरींचं) संरक्षण तपासताना मात्र तो १०० चा माना आणि २५ चौरस मिमी वायर घाला. एकच आकडा दोन्हीकडे वापरला तर एक बाजू नक्की धोक्यात जाते.

जुने लोखंडी कटआउट उघडायचेच नाहीत, काहींत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. कटआउट तापलेला, करपलेला किंवा तडकलेला दिसला तर सर्टिफिकेट नंतर. आधी १०५ या वीजपुरवठ्याच्या तातडीच्या क्रमांकावर फोन करून वितरण कंपनीला बोलवा.