पेटीतल्या कागदांपासून छापखान्यापर्यंत

१८३१ साली अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांनी एक साहित्य मंडळ काढलं. त्या स्वतः गुलाम नव्हत्या. पण त्याच देशाच्या दक्षिणेत गुलामाला अक्षर शिकवणं कायद्याने गुन्हा ठरत होतं. मंडळाची रीत अशी: प्रत्येकीने लिहून आणायचं आणि नाव न घालता कागद एका पेटीत टाकायचा. मग एकेक कागद बाहेर काढून मोठ्यानं वाचायचा, त्यावर बोलायचं. लिहिणारी तिथेच बसलेली असे, पण ती कोण हे कळत नसे. पहिल्यांदाच लिहिणाऱ्या बाईला याहून मोठा आधार कोणता? शिक्षिका सारा मॅप्स डग्लस या मंडळाच्या संस्थापकांपैकी एक. इथलं काही लेखन पुढे 'लिबरेटर' या गुलामगिरीविरोधी पत्रात छापूनही आलं.

आपल्याकडे अमेरिकेतली कृष्णवर्णीय चळवळ ओळखीची झाली ती मुख्यतः १९७२च्या दलित पँथरमुळे. त्या ओळखीत बायकांच्या या बैठका मागेच राहिल्या, याची मला खंत आहे.

१९२०च्या दशकात वॉशिंग्टनमध्ये कवयित्री जॉर्जिया डग्लस जॉन्सन यांच्या घरी शनिवारी रात्री लेखक-कवी जमत. १९२५ साली नवरा वारला, दोन मुलांचं शिक्षण अंगावर पडलं, नोकरी करावी लागली. तरी त्या घराचं दार उघडंच राहिलं. तिथे येणाऱ्यांत एक होतकरू लेखिका होती, झोरा नील हर्स्टन.

पुढे झोरा यांनी कादंबऱ्या लिहिल्या, लोककथा गोळा केल्या, नाव कमावलं. पण १९६० साली फ्लोरिडातल्या सरकारी निराधारगृहात त्या वारल्या तेव्हा पुस्तकं बाजारातून गेलेली होती आणि थडग्यावर दगडसुद्धा बसला नाही. १९७३मध्ये ॲलिस वॉकर ही तरुण लेखिका ते थडगं शोधायला गेली. माहिती मिळावी म्हणून तिने आपण झोरांची भाची असल्याचं सांगितलं. माजलेल्या गवतात ती झोरांना नावाने हाका मारत हिंडली, आणि जमीन जिथे खचलेली सापडली तिथे तिने दगड बसवून घेतला. लेखिकेच्या मागे तिचं लिहिलेलं सांभाळणारं कुणी नसलं तर काय होतं, ते तिने त्या गवतात उभं राहून पाहिलं.

फेब्रुवारी १९७७मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला कवयित्री जून जॉर्डन यांच्या घरी 'द सिस्टरहुड' या कृष्णवर्णीय लेखिकांच्या गटाची पहिली बैठक झाली. त्या वेळचा एक फोटो आहे. त्यात वॉकर, जॉर्डन, टोनी मॉरिसन, एन्टोझाकी शांगे आणि आणखी काही जणी दाटीवाटीने आहेत, आणि त्यांच्यामध्ये ब्लूज गायिका बेसी स्मिथची तसबीर, जणू तीही बैठकीला आली आहे. जेवायला गम्बो, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतलं दाट कालवण, होतं. पण नुसतं खाणं-पिणं आणि कौतुक एवढ्यासाठी त्या जमत नव्हत्या. कृष्णवर्णीयांच्या मासिकांत बायकांचं लेखन कसं यावं, त्यांच्या पुस्तकांची परीक्षणं कोण छापणार, याची चर्चा होई. इतिवृत्त लिहिलं जाई. मॉरिसन तेव्हा रँडम हाउस या मोठ्या प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या आणि टोनी केड बंबारा, गेल जोन्स यांची पुस्तकं त्यांच्याच हातून निघाली होती. माझ्या मते आधार तो हाच: पाठीवर हात ठेवायचा आणि हस्तलिखितही पुढे सरकवायचं. गट जेमतेम दोन वर्षं चालला. वॉकर यांना १९८३मध्ये पुलित्झर आणि मॉरिसन यांना १९९३मध्ये नोबेल मिळालं, ते नंतर.

सिस्टरहुड थांबेपर्यंत बोस्टनकडेही हालचाल सुरू झाली होती. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांच्या कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्हमधल्या बार्बरा स्मिथ यांना १९८० साली कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी फोन केला: छपाईचं आता आपणच काहीतरी केलं पाहिजे. त्यातून कृष्णवर्णीय आणि इतर गौरेतर स्त्रियांनी स्वतः चालवलेली प्रकाशनसंस्था उभी राहिली. तिचं नाव त्यांनी 'किचन टेबल' ठेवलं, कारण बायका काम करतात आणि एकमेकींशी बोलतात ती जागा स्वयंपाकघरातच असते.